मागच्या खोलीतला फोन

गुड्डीला तापात झटका आला तेव्हा ती सात महिन्यांची होती, आणि मी समोर दुकानात कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरत होते.

आमचं घर नाकाडोंगरीत रस्त्यालाच लागून आहे. समोर माझं ऑनलाईन फॉर्मचं दुकान, मध्ये अंगण, अंगणापलीकडे मागची खोली. रस्त्यावरून दिवसभर खाणीचे ट्रक जातात. धूळ एवढी की कीबोर्ड रोज पुसावा लागतो, आणि आवाजात मागचं काही ऐकू येत नाही. गुड्डीला दुकानात घेऊन बसलं की अर्ध्या तासात तिला खोकला लागतो, म्हणून ती मागे आजीजवळ असते. त्या दिवशी सासूबाईंना वाटलं, पोर आळस देऊन राहिली. मी पाणी प्यायला आत गेले म्हणून मला दिसलं. नसते गेले तर, हा विचार मी पुढे करत नाही.

भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना होतं असं, पुन्हा होईल किंवा होणारही नाही, लक्ष ठेवा. घरी आल्यावर मी नवऱ्याला, लिलाधरला, सांगून टाकलं की दुकानात बसल्या जागी मला गुड्डी दिसली पाहिजे, नाहीतर दुकानाला कुलूप. तो खाणीतल्या पाळीवरून दमून आला होता. "भूपेंद्रले विचार," एवढंच म्हणाला.

भूपेंद्र माझा दीर. नागपूरला कम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने माझा जुना फोन मागच्या खोलीत पाळण्यासमोर फळीवर उभा केला, घरच्या वायफायवर (त्याचा डबाही त्याच खोलीत) जोडला आणि त्यातलं चित्र दुकानातल्या कम्प्युटरवर आणून दिलं. त्याच फेरीत त्याने कम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं, कारण तो रांगत चालायचा. "वहिनी, आता पळन पाहा," म्हणाला आणि रात्रीच्या गाडीने गेला. कम्प्युटर पळायला लागला, मी मात्र मागे पडले. कॉलेजपासून हाताला जी बटणं माहीत होती त्यातलं एकही जागेवर नव्हतं. फाईल ठेवली की कुठे गेली ते शोधण्यातच माझा दिवस जायचा.

तीन दिवस गुड्डी दिसली. मग रोज एकच प्रकार सुरू झाला. सकाळी नऊला चित्र यायचं, अकराच्या सुमारास ते थिजायचं, मग पांढरं पान आणि फिरत राहणारं चाक. नेट चालू असायचं. फॉर्म जायचे, फोटो चढायचे, फक्त माझी पोर दिसायची नाही. कम्प्युटर बंद करून चालू केला, फोन बंद करून चालू केला, पण संध्याकाळपर्यंत काही नाही. मी दर पंधरा मिनिटांनी उठून मागे जायची. सासूबाई पाळण्याशी बसलेल्या असायच्या. "आहे वो, आहे. श्वास घेऊन राहिली," म्हणायच्या.

शेजारचा चहाटपरीवाला चिंधू रोज माझ्या टेबलाशी टेकून उभा राहायचा. "ताई, तुमी फॉर्म भरता का अंगण मोजता?"

हा प्रकार सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी मी भूपेंद्रला फोन लावला. रात्री दोनदा उठून गुड्डीचं कपाळ पाहिलं होतं, डोळे चुरचुरत होते.

"कम्प्युटरवरची ती हुकूम लिहाची काळी खिडकी उघडा वहिनी. आता पिंग लिहा, म्हंजे फोनले हाक माराची, जागा सोडा, अन् फोनचा नंबर टाका."

मी माझा मोबाईल नंबर सांगायला लागले.

"तो नाही वो! फोनच्या पडद्यावर दिसते तो, ठिपके ठिपके असलेला."

टाकला. "पोहोचत नाही म्हणते."

"आता तुमच्या कम्प्युटरचा नंबर काढू." त्याने काय लिहायचं ते एकेक अक्षर सांगितलं. आलेला नंबर मी वाचून दाखवला. तो हसला. "तुमी घरच्या वायफायवर नाहीच. तुमच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आहा."

इथे बाहेरचं नेट केव्हाही जातं, म्हणून सकाळी कम्प्युटर लावून झाला की मी मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करते, तो संध्याकाळपर्यंत असतो. वायफाय क्षणभर गेलं की कम्प्युटर गुपचूप मोबाईलवर जायचा आणि तिथेच राहायचा. कोपऱ्यातलं चिन्ह तसंच दिसायचं, त्यामुळे मला कळलंच नाही.

"कम्प्युटर एका घरी अन् कॅमेऱ्याचा फोन दुसऱ्या घरी, मंग भेट कशी होईन?" भूपेंद्र म्हणाला. "बाहेरचं नेट नसलं तरी चालते, पण दोघंबी एकाच वायफायवर पाहिजे, अन् वायफायचा डबा चालू पाहिजे."

"पण वायफाय रोज अकरालेच काहून जाते?"

"ते मी नागपुरातून कसं सांगू? हॉटस्पॉट बंद करा, पिंग चालू ठेवा, फोन ओ देते तोवर ओळी येत राहीन. ओळी थांबल्या का उठून डब्यापाशी जा."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. काळ्या खिडकीत सेकंदाला एक ओळ येत होती. बाजूच्या चित्रात गुड्डी झोपलेली. अकरा वाजून दहा मिनिटांनी चित्र थिजलं आणि ओळी थांबल्या. समोरच्या बाईला "आलेच" म्हणून मी अंगण ओलांडलं.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सासूबाई वायफायच्या डब्याजवळ उभ्या होत्या, खांद्यावर धुतलेलं लुगडं, हात बटणावर.

"आई, हे तुमी बंद करता?"

त्या दचकल्या. "दहाच मिनिटं करतो. लुगडं बदललं का लावतो परत."

घरात कडी लागणारी तीच एक खोली. त्यांची दहा मिनिटं, आणि माझा अख्खा दिवस जात होता. "मले सांगाचं नाही का?" माझा आवाज चढला. गुड्डी हलली, तशी मी पाळण्याला झोका दिला.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काय सांगू? तो चिंधू मले राशनच्या दुकानात चार माणसाईत म्हणते, काकी, काल मस्त घोरत होत्या, आमी सगळ्याईनं पाहिलं."

माझा पडदा गिऱ्हाइकांकडे वळलेला असतो. नावाचं स्पेलिंग त्यांनी स्वतः तपासावं म्हणून मीच तो तसा ठेवला होता. आठ दिवस मी सगळ्यांवर नजर ठेवून होते, आणि माझ्या खांद्यावरून कोण काय पाहतंय ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मंग फोन तिकडं फिरवाचा होता."

"फिरवला असता तं तू म्हणली असती, बुढीले पोरीपेक्षा लुगड्याची पडली. तवा झटक्याले मी आळस म्हणलं. आता कोणत्या तोंडानं म्हणू का मले कॅमेरा नको?"

मी म्हटलं असतंच. मी खाटेच्या कडेला बसले. त्या लुगडं हातात घेऊन उभ्याच होत्या, माझ्या जाण्याची वाट पाहत.

"डबा बंद नका करू," मी म्हटलं. "फोनवर कपडा टाकत जा."

"हाव."

"किती वेळ लागन?" विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"लागन तेवढा," त्या म्हणाल्या.

दुपारी मी टेबल फिरवलं. आता पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे; धूळ सरळ डोळ्यांत येते, येऊ दे. चिंधू चहाचा ग्लास घेऊन आला.

"ताई, टीव्ही काहून फिरवला?"

"आईले राशनच्या दुकानात तुमी काय बोल्ले, ते समजलं मले चिंधूभाऊ. फॉर्म भराचा आहे का? नाही तं मागच्या माणसाले येऊ द्या."

"मी तं मजाक केली..." म्हणत तो बाजूला झाला. ग्लास तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी चित्र काळं झालं. खिडकीतल्या ओळी मात्र चालूच होत्या. जोडणी बरोबर होती, सासूबाईंनी फोनवर कपडा टाकला होता, एवढंच. हे सगळं मला माहीत होतं, तरी पाय खुर्चीखाली उठायच्या तयारीत.

समोर केवळराम नावाचे म्हातारे गृहस्थ होते, मच्छीमार संस्थेच्या सभासदत्वाचा फॉर्म घेऊन. "नाव बरोबर आलं का ताई?" त्यांनी मान लांब केली, पण आता त्यांना पडदा दिसत नव्हता. मी एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. वडिलांचं नाव वाचलं, गावाचं वाचलं. तीन मिनिटं झाली. एक ट्रक गेला, त्याच्या मागे दुसरा. पाच मिनिटं. कपडा तसाच.

"आधार नंबर सांगा," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी उघडली, त्यातून दुसरी पिशवी काढली, तिची गाठ सोडवायला लागले. सात मिनिटं झाली होती. मी उठले नाही. कीबोर्डवर बोटं ठेवून त्यांची गाठ सुटायची वाट पाहत बसले.