तीन कूलर आणि सात चोर

साहेब, गुलफामला खोटं बोलायला तुम्ही शिकवलं. तुमच्या नियमानं शिकवलं. तुमच्या जेलचं नाव इथं लिहिलेलं नाही. वऱ्हाडात आहे, एवढं पुरे. बाकी तुमचं तुम्हाला कळतं.

ललिताबाई राजापेठेत राहते. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. आवाज असा, की सुई टोचायच्या आधीच पेशंट बोंबलायचा. दर रविवारी ती चर्चतर्फे कैद्यांसाठी प्रार्थना घ्यायला जेलात जाते. सोबत पेटी वाजवायला देवमन. कैदी तिला सिस्टरबाई म्हणतात.

पहिल्याच रविवारी गाडं अडलं. गाणी झाली, टाळ्या झाल्या. मग ती म्हणाली, "आता माह्या मांगं म्हना : प्रभू, मी पापी आहे."

उजवीकडे पक्के कैदी बसले होते, म्हणजे शिक्षा लागलेले. त्यांनी पत्रे हलतील असं म्हटलं. त्यांचं काय जातं? डावीकडचे कच्चे, ज्यांच्या केसी अजून कोर्टात लोंबकळत होत्या, ते मूग गिळून बसले.

"काहून रे? तुमी का देवदूत हा?"

किसनराव उभा राहिला. शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणात चुलतभावाचं डोकं फोडल्याचा त्याच्यावर आळ. "सिस्टरबाई, वकिलानं सांगतलं हाय, कोनी कितीबी गोड बोललं तरी काई कबूल करायचं नाई."

"अरे, हे देवाजवळ बोलाचं हाय!"

"देवाजवळ बोललो असतो जी. पन त्याच्या बाजूले शिपाई उभा हाय."

शेवटी तोड निघाली. कच्च्यांपुरती प्रार्थना बदलली : प्रभू, पाप झालं असल्यास क्षमा कर.

देवमन पुटपुटला, "बाई, ही प्रार्थना हाय का जामिनाचा अर्ज?"

"आमेन म्हन अन् पेटी वाजव."

त्या कच्च्यांतलाच गुलफाम. मूर्तिजापूरचा गादीवाला. एका मंगल कार्यालयात गाद्या पोचवायला गेला, त्याच दिवशी तिथले तीन कूलर गायब झाले. गाद्या सापडल्या, कूलर नाही, म्हणून गुलफामला धरला. तो आत गेला आणि मागून नाजिया जन्मली. आता ती चालायला लागली, तरी बाप तिनं मुलाखतीच्या काचेतूनच पाहिलेला. तिला तो मोबाईलमधला माणूस वाटतो. काचेवर बोट घासून त्याला पुढं सरकवायला बघते. एकदा गुलफाम खरोखरच बाजूला सरकला, पोरीला वाईट वाटू नये म्हणून.

बिल्कीसला, म्हणजे त्याच्या बायकोला, मुलाखतीला आणायचं काम ललिताबाईनं अंगावर घेतलं. गेटवरचा शिपाई डोळे मिचकावून म्हणाला, "काय सिस्टरबाई, यायले बाटवून राहिल्या का?"

"माह्या सोताच्या पोराले मले चर्चात नेता येत नाई. दुसऱ्याच्या सुनेले काय बाटवू?"

मग नाताळ आला. तुमच्या हापिसातून निरोप आला, की कार्यक्रमानंतर गळाभेट होईल, कैद्यांना लेकरं जवळ घेता येतील. ललिताबाईनं बिल्कीसला शब्द दिला, "तुही पोरगी बापाच्या खांद्यावर देतो म्हंजे देतो."

गुलफामनं आपल्या गादीतला कापूस काढून पोरीसाठी एवढीशी उशी भरली. सदऱ्याची बाही कापून खोळ शिवली. ऐन थंडीत त्याची गादी पापड झाली. विचारलं तर म्हणे, "गादीवाल्याची औलाद हाय, बिना उशीची कशी झोपंल?"

नाताळच्या दिवशी सगळे मांडवात बसले. मागं खुर्च्यांवर बायकापोरं, पुढं स्टेजवर तुम्ही. शिपायानं गळाभेटीची नावं वाचली. सगळी पक्क्यांची.

ललिताबाई उठली. "गुलफामचं नाव कुठं हाय?"

"त्याचा गुन्हा शाबीत व्हायचा हाय, बाई. गळाभेट शिक्षा लागलेल्यायले."

"म्हंजे तो निर्दोष हाय?"

"कायद्यानं तसंच हाय."

"मंग त्याले ही शिक्षा काहून?"

"शिक्षा लागली नाई म्हनूनच तं!"

तेवढ्यात उशी छातीशी धरून गुलफाम उभा राहिला. "प्रभू, मी पापी हाय! तिन्ही कूलर म्याच चोरले! लिहा, साहेब, अन् पोरगी द्या!"

दोन वर्षं ललिताबाई याच वाक्याची वाट पाहत होती. आलं, तेव्हा ती गुलफामला अडवायला निघाली.

किसनराव मागं राहतो होय? त्याची बायको गोदाबाईही लेकीला घेऊन आली होती. "माह्यंबी लिहा! यक कूलर म्या उचलला!" मग डावी बाजूच उठली. कोणी म्हणे मोटर मी काढली, कोणी म्हणे टाकी मी नेली. एकानं तर कूलरमधलं पाणी चोरल्याचं कबूल केलं. तीन कूलरला सात चोर झाले. उजवीकडचे पक्के टाळ्या पिटायला लागले. तुम्ही माईक ओढला आणि म्हणालात, "ज्याला कबूल आहे, त्यानं लेखी द्यावं."

लेखी! गुलफामनं खरंच पेनासाठी हात पुढं केला.

ललिताबाईनं तो हात धरून खाली दाबला आणि दवाखान्यातल्या आवाजात गरजली, "बसा खाली सारे! इथं कोनी पापी नाई! यक बी नाई!"

देवमननं कपाळाला हात लावला. "बाई, आता फादरले काय सांगू?"

"सांग, सिस्टरबाई बाटली."

गुलफामनं काही लिहून दिलं नाही. पोरगी त्याला मिळाली नाही. गळाभेट पक्क्यांची झाली, कच्च्यांची नेहमीसारखी काचेतून. उशी तरी पोरीला द्या म्हटलं, तर ती तपासणीत फाडली. गेटभर कापूस उडाला. शिपाई शिंकत राहिला. बिल्कीसनं सापडला तेवढा कापूस ओढणीत वेचला. नाजियानं काचेवर बोट घासलं. या वेळी गुलफाम सरकला नाही, तिथंच उभा राहिला. पोरगी घासतच राहिली.

बिल्कीसनं ललिताबाईकडं बघितलं फक्त. शब्द तिनं दिला होता, तुम्ही नाही.

साहेब, ज्याचा गुन्हा शाबीत झाला, त्याच्या मांडीवर लेकरू. ज्याचा झाला नाही, त्याच्यापुढं काच. येत्या रविवारी सिस्टरबाई पुन्हा गेटवर येणार आहे. तिनं गुलफामकडून काय म्हणवून घ्यायचं, पापी आहे की पापी नाही? कोणतं म्हटल्यावर पोरगी मिळते? माईक तुमच्याच हातात आहे. बोला.