जुन्या रांगेतलं पान

शनिवारी दुपारी बायको बाजाराला गेल्याची खात्री करून आयकाएली रॉकेलचा डबा घेऊन बागेच्या वरच्या टोकाला गेला. कोंब पुन्हा आले होते. इसाले या कुंपणाच्या झुडपाचे नऊ कोंब, करंगळीएवढे, हिरवेगार, एका सरळ रेषेत. महिन्यापूर्वी त्यानं ते उपटले होते, त्याआधी कुदळीनं खणले होते. डोंगराच्या या अंगाला दोन केळीबागांमधली हद्द इसालेच्या रांगेनंच ठरायची. कागद कुणाकडेच नव्हता, रांग हाच कागद.

आणि ती रांग त्यानं शेजाऱ्याच्या जमिनीत चार पावलं आत सरकवली होती; हे कोंब जुन्या जागी उरलेल्या मुळांतून फुटत होते.

शेजारी किरेंगा पावसाळ्याच्या तोंडावर वारला. त्याची बायको न्देओनासिया दिवस उरकून खाली मोशी शहरात लेकीकडे गेली, तेवढ्या पंधरवड्यात आयकाएलीनं काम साधलं. तीन मुलांत वाटून वाटून त्याची स्वतःची बाग चिंधीएवढी उरली होती आणि धाकट्या एलिनामीचं लग्न घराच्या जागेसाठी अडलं होतं. चार पावलांनी त्या एकट्या बाईचं काय बिघडणार होतं? माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो, हे ख्रिस्ती मंडळीच्या या वडीलधाऱ्याकडून शिकावं.

न्देओनासिया परत आली तेव्हा डोक्यावर गवताचा भारा तसाच ठेवून ती नव्या रांगेपाशी बराच वेळ उभी राहिली. मग घरात गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर आयकाएलीकडे उत्तरं तयार होती. पण ती मूग गिळून बसली आणि ती उत्तरं त्याच्याच पोटात कुजत राहिली.

त्यात तो खोकला. किरेंगाला पाटाचं पाणी आपल्याकडे वळवण्याआधी दोनदा खोकायची सवय होती. खो, खो. म्हणजे, बाबा, तुझी पाळी संपली. रिवाजाप्रमाणे त्याला त्याच्याच बागेत पुरलं होतं आणि नवी रांग आता त्या थडग्यापासून हातभर अंतरावर होती. आयकाएली पाटावर वाकला की केळीच्या पानांआडून तो खोकला यायचा, भर दुपारीसुद्धा. वळून पाहिलं तर कुणी नाही.

त्यानं नऊच्या नऊ मुळांवर रॉकेल ओतलं. डबा रिकामा होईपर्यंत ओतलं.

तो हात धुतोय तोच पाळक अंगणात हजर. तरुण माणूस, शहरात शिकलेला, नको तिथे हात घालायची हौस.

"काका, उद्याचं शास्त्रवाचन तुमच्याकडे. या महिन्यात जमीन आणि शेजार यावर बोलतोय मी. शास्त्र फक्त रविवारी देवळात ठेवायचं नाही, बागेत न्यायचं. तुम्ही शास्त्रातला एकेक शाप वाचायचा आणि मंडळीनं आमेन म्हणायचं."

"साहेब, घसा धरलाय हो माझा."

"तुमचा? अहो, तुमचा आवाज खालच्या गावापर्यंत जातो! मध चाटा आणि या."

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. आयकाएलीनं पहिला शाप वाचला, मूर्तीचा. आमेन. दुसरा, आईबापांचा अपमान करणाऱ्याचा. आमेन. तिसऱ्यावर अक्षरं हलायला लागली.

"आपल्या शेजाऱ्याच्या जमिनीची खूण सरकवणारा शापित असो."

"आमेन!" पत्रा हादरला. चाळीस वर्षांच्या सवयीनं सगळ्यात मोठा आमेन आयकाएलीच्याच तोंडून बाहेर पडला.

आणि त्याला दिसलं, तिसऱ्या बाकावर न्देओनासियाचे ओठ मिटलेले होते. ती थेट त्याच्याकडे पाहत होती. रागानं नव्हे. आजारी पोराकडे पाहावं तशी पाहत होती. पुढचे शाप त्यानं कसे वाचले ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

उपासना सुटल्यावर तो कुणाशी न बोलता घरी आला, रांगेतून इसालेचं एक पान तोडलं, त्याला गाठ मारली आणि तिच्या दारात उभा राहिला. गाठ मारलेलं इसालेचं पान घेऊन कुणी दारात आलं की क्षमा नाकारायची नाही, ही इथली रीत. देवळाच्याही आधीची.

"वहिनी," एवढंच तो म्हणाला आणि पान पुढे केलं.

न्देओनासिया उंबऱ्यावर केळी सोलत होती. "सगळ्यांनी आमेन म्हटलं, मी नाही म्हटलं. का, ठाऊक आहे, भावोजी?"

"नाही."

"तुमच्या एलिनामीला पहिली आंघोळ मी घातलीय. बापाचा शाप पोरांवर उतरतो म्हणतात. माझ्या जिभेनं तो उतरायला नको." तिनं पान निरखलं, पण घेतलं नाही. "हे कुठून तोडलंत?"

"रांगेतून."

"कुठल्या?"

त्यानं वळून नव्या रांगेकडे पाहिलं.

"ती रांग माझ्या जमिनीत उभी आहे, भावोजी. म्हणजे पान माझं. माझंच पान देऊन माझ्याकडे क्षमा मागताय?" तिनं सुरी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता. "जुन्या रांगेतलं आणा. कोंब येतात ना तिथे, मी पाहते रोज. त्यातलं एक पान आणा. बागेत झोपलेल्या ह्यांची शपथ, मी नाही म्हणणार नाही."

तो धावला. साठीतला माणूस, रविवारच्या कोटात, बागेतून धावत सुटला. रॉकेलचा वास त्याला लांबूनच आला. नऊही कोंब काळे पडून लोळागोळा झाले होते. त्यानं नखांनी माती उकरली. मुळं बोटांत चिकट आणि मेलेली लागली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर त्यानं नवी रांग उपटून जुन्या जागी लावली. एलिनामी त्या चार पावलांत घरासाठी ठोकलेल्या खुंट्या उखडून, बापाच्या पायाशी फेकून, होणाऱ्या सासुरवाडीला निघून गेला. पण त्या मातीत काही धरेना. आठवडाभरात कांड्या सुकल्या. त्यानं माती बदलली, शेण घातलं, पुन्हा लावल्या. पुन्हा सुकल्या.

न्देओनासिया गवताचा भारा घेऊन रोज त्या वाटेनं जाते. थांबते. "फुटलं का, भावोजी?"

"नाही, वहिनी."

"बघू उद्या," ती म्हणते, आणि तिला खरंच वाईट वाटतं, हे त्याला दिसतं.

ती गेली की तो पाटाचं पाणी जुन्या रांगेकडे वळवतो आणि वाकून कान देतो. खोकला आता येत नाही. त्या रविवारपासून एकदाही आलेला नाही. आयकाएली दोनदा स्वतःच खोकतो, थडग्याच्या बाजूला तोंड करून, आणि उत्तराची वाट पाहत उभा राहतो.