नंबर लागला

शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री कामात असले की एकाच कानाने ऐकायचे. दुसरा कान मशीनच्या चाकाला लावलेला असायचा. त्यामुळे मोबाइल कंपनीच्या मुलीचं गोड बोलणं त्यांच्या डोक्यात अर्धंमुर्धंच शिरलं.

"सर, तुम्ही आमचे इतके जुने ग्राहक, म्हणून भेट योजनेत तुम्हाला खास नंबर लागलाय. चालू करून देऊ?"

"द्या की," मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवून बायकोला हाक मारली. "अगं, माझा नंबर लागला."

"कशात?"

"ते विचारायचं राहिलं. पण कंपनी मोठी आहे, काहीतरी घसघशीत असणार."

"आजवर तुमचा एकच नंबर लागलाय, चष्म्याचा," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी संदेश आला. अभिनंदन होतं, निष्ठेचं कौतुक होतं आणि खाली भेट होती: नवाकोरा नंबर, शेवटी सगळे सातच सात. जुना नंबर आदल्या संध्याकाळपासूनच बंद झाला होता. मिस्त्री मटकन खुर्चीत बसले.

गिऱ्हाइकांचं सोडा, ती शोधत येतातच. पण धाकट्या भावाकडे तेवढा एकच नंबर होता. पूर्वी दोघं मिळून दुकान चालवायचे. भाऊ म्हणाला, जुनी मशीनं पुरे, आता नवी विकू. शब्दाने शब्द वाढला आणि मिस्त्री ताडकन बोलून गेले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." तो खरंच गेला. नंतर दुकान बदललं, घर बदललं, पण मिस्त्रींनी नंबर बदलला नाही. दुसऱ्या कंपन्यांनी किती आमिषं दाखवली, पण हे ढिम्म. कंपनीला वाटलं, काय हा माणूस निष्ठावान! निष्ठा होती हो, पण कंपनीवर कोण कशाला ठेवतंय?

मिस्त्री तडक कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, म्हातारबाबा आभार मानायला आलेत.

"सर, या नंबरासाठी लोक आमच्या मागे लागतात."

"मग त्यांना द्या. माझा मला परत द्या."

"भेट परत करायची सोयच नाही यात. आजवर कुणी केलीच नाही."

मिस्त्री वाद घालायला आले होते, पण काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "बाळ, माझा भाऊ रुसून गेलाय. त्याने कधी फोन केला, तर तो त्याच नंबरावर करेल. दुसरं काही त्याच्याजवळ नाही."

मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. "अजून कुणाला दिलेला नाही. पण कारण लिहावं लागेल. ग्राहकाचा गैरसमज, असं लिहू?"

"लिही, म्हातारा ठार बहिरा आहे. मी सही करतो."

संध्याकाळी जुना नंबर सुरू झाला. मिस्त्रींनी फोन मशीनशेजारी ठेवला आणि जरा वेळाने तो वाजला. अनोळखी नंबर, पलीकडे कुणी बोलेना. असे मुके फोन अधूनमधून यायचे. उलट लावला तर कुणी उचलायचं नाही. बायको चिडवायची, तुमची जुनी मैत्रीण असेल. मिस्त्री दरवेळी पलीकडच्याला फैलावर घेऊन फोन आपटायचे.

"बोल की बाबा," आजही ते वैतागले. "तोंड शिवलंय का?"

पलीकडे कुणीतरी हुंदका गिळला. मिस्त्रींनी चाक थांबवलं आणि फोन कानाला घट्ट लावला.

"दादा," आवाज आला, "काल फोनवरची ती बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. मला वाटलं, तू गेलास. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला."

आजवरचे सगळे मुके फोन मिस्त्रींना आठवले आणि प्रत्येक फोनवर आपण हासडलेल्या शिव्याही.

"गाढवा," ते शेवटी म्हणाले, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू म्हणाला होतास, तोंड दाखवू नकोस. आवाज ऐकू नकोस असं थोडंच म्हणालास?"

मिस्त्रींनी बाहीने डोळे पुसले. आतून बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"उद्या ये," ते म्हणाले, "आणि तोंड घेऊन ये."