क्लचचा ठोकळा

“नुसता बघत काय उभा राहिलास? धर हे,” म्हणत घाडगेकाकांनी ग्रीस गन माझ्या हातात कोंबली आणि स्वतः ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाशी खाली बसले. बसले म्हणजे आधी उजवा हात टायरवर ठेवला, मग डावा गुडघा हळूच वाकवला, मग ‘आई गं’ म्हणाले, आणि मग बसले. सहा वर्षं मी त्यांचं हे बसणं बघतोय. दर वर्षी त्यात एखादी पायरी वाढते.

माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये आमच्या मॅनेजर मिस लिमची मेल. हा ट्रॅक्टर सोमवारी सकाळी भंगारात जाणार होता. मे महिन्यात नवा येणार, आणि त्याची देखभाल विकणारी कंपनीच करणार. म्हणजे काकांच्या वार्षिक कराराला पुढच्या वर्षी काही अर्थ उरत नव्हता. तेही मेलमध्ये होतं, एका ओळीत.

हे काकांना मी सांगायचं होतं. का, तर आम्ही दोघं मराठी. “यू टेल हिम लाह. सेम लँग्वेज, इझियर,” मिस लिम गुरुवारी म्हणाली होती. बिचारीला काय माहीत, परक्या भाषेत वाईट बातमी सांगणं किती सोपं असतं ते. ‘अनफॉर्च्युनेटली’ म्हटलं की अर्धं काम होतं. मराठीत त्या शब्दामागे लपता येत नाही, त्यातून समोरचा माणूस आपल्याला ‘अरे रुचिर’ म्हणत असेल तर मुळीच नाही.

म्हणून शनिवारी सुट्टी असून मी डेपोत आलो होतो. सिंगापूरच्या ईस्ट कोस्टचा किनारा साफ ठेवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे. मे ते ऑक्टोबर वारा समुद्रातला सगळा कचरा आणून वाळूवर टाकतो, तेव्हा दोन ट्रॅक्टर लागतात. नोव्हेंबरात वारा फिरला की एकावर भागतं. मग हा जुना, निळा, पुढच्या मेपर्यंत शेडमध्ये झोपतो. त्याला झोपवायचं काम काकांचं. माणसाने बैलाला ठेवावं तसं त्यांनी त्याचं नाव ‘निळ्या’ ठेवलंय आणि तो चालवणारा सेल्वमसुद्धा त्याला निळ्याच म्हणतो. खंडेनवमीला काका त्याच्या बॉनेटला हळदकुंकू लावतात, सेल्वम त्याच दिवशी चाकाखाली लिंबं ठेवतो, आणि निळ्या दोघांचंही मुकाट्याने करून घेतो. या वर्षीच्या झेंडूच्या माळेचा वाळका दोरा अजून सायलेन्सरला गुंडाळलेला होता.

“काका, जरा बोलायचं होतं,” मी म्हणालो.

“बोल की. हात चालू ठेवून बोल. त्या खालच्या तोंडात दे. जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबायचं.”

मी दाबत राहिलो. जुनं काळं ग्रीस वाळूसकट बाहेर आलं, मग पिवळं आलं. बोलणं तेवढं आलं नाही.

सकाळपासून पाऊस लागून होता. चोवीस डिग्री. अख्खं सिंगापूर जॅकेटं घालून फिरत होतं. काकांनीही सविताकाकूंनी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर चढवला होता. पिंपरीहून आलेल्या माणसाने या हवेला थंडी म्हणावं याचं मला हसू येतं, पण एकतीस वर्षांत माणसाची हाडंही इथली होत असतील. चौऱ्याण्णव साली ते शिपयार्डात डिझेल मेकॅनिक म्हणून आले. शिपयार्ड सुटलं, मग हा डेपो. पासिर रिसला तीन खोल्यांचा फ्लॅट, एक मुलगी, तिचं लग्न, ती मेलबर्नला. सांगण्यासारखं एवढंच, असं ते स्वतःच म्हणतात. त्यांच्यावर कुणी कधी रागावलं नाही आणि कुणी कधी त्यांचा सत्कारही केला नाही.

“आधी कॉफी पिऊ,” मी म्हटलं. माझ्यातल्या भित्र्या माणसाला कॉफीचा मोठा आधार आहे.

कॉफी झाली. काकांनी इंजिन गरम करून जुनं ऑइल काढलं आणि नवं ओतलं. “जुनं ऑइल आत ठेवून झोपवायचं नाही. त्यातली घाण सहा महिने आतून खात बसते,” ते म्हणाले. मग डिझेलची टाकी काठोकाठ भरायला घेतली. मी म्हटलं, “ठेवायचाच आहे तर भरता कशाला?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू चपला घालून देवघरात शिरलोय.

“अरे, रिकामी जागा राहिली की तिथे हवा, आणि हवेतलं पाणी सुटतं. या गावात तर भिंतींनाही घाम येतो. मग डिझेलमध्ये शेवाळ धरतं. तू इंजिनिअर ना?”

“कागदावरचा.”

“दिसतंय.”

प्रत्येक कॅन ते दोन दमात उचलत होते. वीस-वीस लिटरचे तीन कॅन. मी एक उचलायला गेलो तर “राहू दे, सांडशील” म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या कॅनच्या आधी सांगायला हवं होतं. तिसऱ्याच्या आधी तर नक्कीच. मी तिथे उभा राहून नळीतून डिझेल जाताना बघत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. ‘काका, कंपनीने असं ठरवलंय की’ हे फार सरकारी वाटत होतं. ‘काका, वाईट वाटून घेऊ नका’ म्हटलं की माणूस हमखास वाईट वाटून घेतो.

जेवायच्या वेळी त्यांनी डबा उघडला आणि अर्धा माझ्यासमोर सरकवला. भाकरी आणि कांगकोंगची पीठ पेरून केलेली भाजी. इथल्या मार्केटमधल्या पाल्याला काकूंनी असं वळण लावलंय की तो मूळचा आपल्याकडचाच वाटावा.

“तू येणार हे तिला सांगितलं होतं. दोन भाकऱ्या जास्त टाकल्यात.”

“काका, तुम्हाला कधी कंटाळा नाही येत?” मी विचारलं. मला वाटलं, ते म्हणतील, येतो रे, थकलो आता. मग मला लगेच म्हणता येईल, तर मग ऐका.

“येतो ना,” ते म्हणाले. “फेब्रुवारी-मार्चमध्ये फार येतो. काही काम नसतं. तो छोटा ट्रॅक्टर आहे, पण तो नवा, सगळं त्याचं त्याला कळतं. दिवा लावून सांगतो, मला इथे दुखतंय. निळ्या बोलत नाही, त्याचं ऐकावं लागतं. एप्रिल उजाडला की मी रोज येऊन ताडपत्री वर करून बघतो. काकू म्हणते, माहेरवाशिणीची वाट बघितल्यासारखी बघता.”

मी भाकरी गिळली. मग पुढचा तुकडा मोडला.

दुपारी बॅटरी निघाली. सायलेन्सरच्या तोंडावर डबा बसला, कारण एका वर्षी त्यात साळुंक्यांनी घरटं केलं होतं आणि काकांनी पिल्लं उडेपर्यंत ट्रॅक्टर चालूच करू दिला नव्हता. तेव्हाही वरून मेल आली होती. जॅक लावून चाकांवरचा भार काढला. ताडपत्री तयार ठेवली, तिला मधोमध बांबू, म्हणजे पाणी साचणार नाही. “पाणी साचलं की डास, डास आले की डेंगीवाले साहेब,” काका म्हणाले. प्रत्येक काम झालं की ते कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं नुसते उभे राहत. चेहरा राखेसारखा झाला होता. मी दोनदा म्हटलं, बसा. दोनदा ते म्हणाले, बसलो तर उठायचा नाही.

चार वाजता त्यांनी ड्रॉवरमधून लाकडाचा एक ठोकळा काढला.

हा मी दर वर्षी लांबून बघितला होता, हातात कधी घेतला नव्हता. वीतभर लांब, सागाचा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. काकांनी क्लचचं पेडल पायाने खालपर्यंत दाबलं आणि ठोकळा पेडल आणि सीटच्या मध्ये असा अडकवला की पेडल दाबलेलंच राहिलं.

“क्लच सोडून ठेवला तर आतल्या प्लेटा सहा महिने एकमेकींना चिकटून बसतात. गंज धरून एक होतात. मग मेमध्ये सुटता सुटत नाहीत. म्हणून दाबून ठेवायचा. थोडं अंतर ठेवायचं.” मग खिशातून पेन्सिल काढून ते वाकले आणि ठोकळ्यावर काहीतरी लिहिलं.

मी वाकून बघितलं. ठोकळ्यावर ओळीने तारखा होत्या. प्रत्येक ओळीत दोन, झोपवल्याची आणि उठवल्याची. सर्वांत वरच्या पुसट झाल्या होत्या. सर्वांत खाली ताजी: २९ नोव्हेंबर. तिच्यापुढे एक रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा.

“वर सांगून ठेव हं,” काका म्हणाले. “मेमध्ये पहिला चालू मी करणार. गेल्या वेळी त्या नव्या पोरांनी डबा न काढताच स्टार्टर मारायला घेतला होता. माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं लिहूनच घे त्या लिमबाईकडून.”

आता पुढे ढकलायला काही उरलं नव्हतं. ना कॉफी, ना जेवण.

“काका, मेमध्ये तो नसणार. सोमवारी सकाळी भंगारवाला येतोय. नवा घेतलाय.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. काका पेन्सिल खिशात ठेवायला गेले. ती दोनदा खिशाबाहेर गेली, तिसऱ्यांदा आत गेली.

“तुला कधी कळलं?”

“गुरुवारी.”

“गुरुवारी,” ते म्हणाले. मग टाकीच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, “सकाळीच सांगायचं ना रे. टाकी भरली नसती.”

बस, एवढंच बोलले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. बासष्ट वर्षांच्या माणसाला मी दिवसभर राबवलं होतं, केवळ मला तोंड उघडायचं धैर्य नव्हतं म्हणून. वर त्याच्या डब्यातलं अर्धं जेवलो होतो. मला माझी शरम वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

“राहू द्या आता काका, तसाच नेतील,” मी म्हणालो.

“तसाच कसा नेतील? कापताना ज्योत लागते त्याला. भरलेली टाकी, भरलेलं इंजिन पाठवायचं? कुणाचा तरी हात जळेल.” त्यांनी बाह्या वर केल्या. “ते रिकामे कॅन आण.”

आणि मग आम्ही सकाळपासून केलेलं सगळं उलटं केलं. ताडपत्री घडी करून ठेवली. जॅक काढून चाकं जमिनीवर आणली. नळी लावून टाकीतलं डिझेल पुन्हा तीन कॅनमध्ये घेतलं. या वेळी त्यांनी कॅन मला उचलू दिले. ड्रेन नट सैल केल्यावर इंजिनमधून सकाळचंच ऑइल खाली आलं, तसंच सोनेरी, एका मिनिटाचंही काम न केलेलं. काका भांड्यात पडणारी ती धार शेवटपर्यंत बघत राहिले. शेवटी थेंब थेंब यायला लागलं तरी त्यांनी नट लावायची घाई केली नाही.

“नव्याचं कोण बघणार?” त्यांनी खालूनच विचारलं.

“विकणाऱ्या कंपनीची माणसं. तीन महिन्यांतून एकदा येतील.”

“हं.”

“तुमचा करार फेब्रुवारीपर्यंत आहे, काका. पुढचं मी बोलून बघतो.”

“ते मी विचारलं नाही तुला.”

ते उठले. या वेळी ‘आई गं’ सुद्धा म्हणाले नाहीत. मी हात पुढे केला होता. त्यांनी तो धरला नाही, पण टाळलाही नाही, टायरला धरून उठले आणि जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटलं. बॉनेटवरचं सुकलेलं कुंकू त्यांनी ओल्या फडक्याने पुसून घेतलं, झेंडूचा दोरा सोडवला आणि स्वेटरच्या आत शर्टाच्या खिशात ठेवला. भंगारात कुंकवासकट पाठवणं त्यांना बरं वाटलं नसावं.

शेवटी राहिला ठोकळा.

“तो राहिला तर चालेल ना?” मी विचारलं. “आता प्लेटा चिकटल्या काय आणि…”

“लाकूड चांगलं आहे,” काका म्हणाले.

त्यांनी एक हात पेडलवर दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने ठोकळा ओढून काढला. पेडल एकदम सोडलं की खाडकन वर येतं, हे मलाही माहीत आहे. त्यांनी ते तसं येऊ दिलं नाही. हातानेच धरून, हळूहळू, पार वरपर्यंत आणून सोडलं.

मग ठोकळा मांडीवर घेऊन ते शेडच्या पायरीवर बसले. खिशातून पेन्सिल काढली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, आणि त्या दिवसाच्या ओळीत, रेघेपुढच्या मोकळ्या जागेत, सावकाश वळणदार अक्षरात पुन्हा तीच तारीख लिहिली. २९ नोव्हेंबर.