सुग्राबींच्या माडीवर

श्रेयसच्या पाठीवरचा पहिला फोड ऋचाला दिसला. भावाला आंघोळ घालता घालता तिनं आईला हाक मारली. शुभदा न्हाणीपर्यंत आली तोवर त्याच्या मानेवर, पोटावर आणखी पाणीदार फोड दिसायला लागले होते. ती दारातच थांबली.

दिग्रसच्या शाळेत ती लहान मुलांना शिकवायची. कांजण्या ओळखायला तिला डॉक्टर लागत नव्हता. पण त्या वर्षी ती शाळेतून लांबच्या रजेवर होती. दिवाळीआधी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून नागपूरला केमोच्या वाऱ्या सुरू होत्या. आधी केस गेले. मग तोंड आतून इतकं सोललं की वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. चव राहिली नव्हती. भाजीत मीठ किती पडलं ते तिला कळायचं नाही, आणि घरची माणसं खारट भाजी मुकाट्यानं खायची. फोडणीचा वास आला की ती उठून अंगणात जायची. आठवीतल्या ऋचानं हळूहळू चूल आपल्याकडं घेतली होती.

शुभदाचा नवरा सलील कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता. भाव पडलेले, केंद्र कधी सुरू कधी बंद, आणि कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार गावाबाहेर गेलेली. सकाळी गेलेला सलील अंधार पडल्यावर घरी यायचा. शर्टावर कापसाचे तंतू असायचे आणि डोक्यात दिवसभर ऐकलेल्या शिव्या.

त्यानं केंद्रावरूनच नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"बाईंना लहानपणी कांजण्या येऊन गेल्यात का?" डॉक्टरांनी विचारलं.

ते सांगणारी शुभदाची आई आता नव्हती. बाभुळगावच्या बहिणीला, आभाला विचारलं, तर तिलाही नक्की आठवेना.

"मग मुलाला त्यांच्या जवळ जाऊ देऊ नका. आत्तापासूनच. केमोमुळं त्यांच्या अंगात लढायची ताकदच उरलेली नाही."

सासरे सदाशिवराव तहसिलीतून निवृत्त झालेले. सुनेच्या आजारपणात त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. पण हे काही त्यांच्या गळी उतरेना.

"लेकराच्या अंगात माता आली अन् मायनंच घर सोडाचं? कायले पण? दोन खोल्यांत राहा ना."

"बाबा, तो दोन खोल्यांत राहील का?" शुभदा म्हणाली. "रात्री उठून माझ्याच अंथरुणात येतो."

आभाकडं तान्हं मूल होतं, तिथं जाता येत नव्हतं. शेवटी शेजारच्या सुग्राबीच आल्या. त्यांचा मुलगा कलीम कामासाठी नागपूरला गेल्यापासून वरची माडी रिकामी होती.

"माही माडी कायच्यासाठी हाय मंग?" त्या म्हणाल्या. "चाल बेटा. तुह्या जेवणात मी मिरची टाकत नाही, काळजी नको करू."

शुभदा त्याच दुपारी गेली. निघताना तिनं श्रेयसला लांबूनच सांगितलं, "मी इथंच आहे, बाजूला." तो तापात होता. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे.

माडीच्या खिडकीतून स्वतःच्या घराचं अंगण दिसायचं. सदाशिवराव नातवाला कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत बसलेले असायचे. ऋचा शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्या फोडांना औषध लावायची. तो खाजवायला लागला की त्याचे हात धरून ठेवायची. शुभदा खिडकीशी उभी राहायची, पण त्यानं वर पाहिलं की मागं सरायची, कारण ती दिसली की तो जास्त रडायचा. मग तिला वाटायचं, मागं सरकते आहे हेही त्याला दिसत असेल.

एका दुपारी सदाशिवरावांचा डोळा लागला, ऋचा शाळेत होती, आणि सुग्राबी खाली तांदूळ निवडत होत्या. जिन्यावर लहान पावलं वाजली. शुभदानं धावत जाऊन कडी लावली. केमोनं तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. कडी बसली की नाही ते तिला हाताला कळेना. ती दाराला पाठ लावून खाली बसली.

"आई, दार उघड."

"बाळा, खाली जा. आजोबा शोधतील."

"मी हात नाही लावत. फक्त पाहतो."

"नाही रे राजा. बरा झालास की मीच येते."

"मी बरा झालो."

तो बरा झाला नव्हता. सकाळीच तिनं खिडकीतून पाहिलं होतं. आधी तो तळहातानं दार वाजवत होता, मग मुठीनं. प्रत्येक धक्का तिच्या पाठीत बसत होता. तिनं पदर तोंडात धरला. शेवटी सुग्राबी धापा टाकत वर आल्या आणि त्यांनी त्याला उचललं.

"तुमच्याकडंच ठेवा तिला," तो त्यांना म्हणाला. आवाजात रडणं नव्हतं.

खपल्या पडल्यावर शुभदा घरी परतली. श्रेयस तिच्याजवळ आला नाही. भांडला नाही, रुसला नाही. नुसता ऋचाकडं जायचा. "ताई, तू भरव. ताई, बटण लाव." झोपायला आजोबांजवळ. शुभदानं जबरदस्ती केली नाही. ऋचाच एकदा चिडून म्हणाली, "आई आली आहे ना आता? मला अभ्यास आहे." मग स्वतःच उठून भावाचं बटण लावून आली.

आठवडाही झाला नसेल, शुभदाला थंडी वाजून ताप भरला. संध्याकाळपर्यंत छातीवर फोड उठले.

सलील केंद्र सोडून आला. शेजारच्याची जीप घेऊन ते यवतमाळकडं निघाले. दारव्ह्याच्या अलीकडं शेतकऱ्यांनी कापसाच्या भावासाठी रस्ता अडवला होता. बंड्या आडव्या लावलेल्या. एका म्हाताऱ्यानं जीपमध्ये डोकावून पाहिलं.

"ग्रेडर साहेब ना तुमी? परवा माही बंडी वापस पाठवली. कापूस ओला हाय म्हणून."

"हो, पाठवली," सलील म्हणाला.

"मांगं कोन हाय?"

"बायको. कॅन्सर आहे तिला. ताप भरलाय."

म्हाताऱ्यानं शुभदाकडं पाहिलं. तिचा रुमाल डोक्यावरून सरकला होता आणि तो सारखा करायचं त्राण तिच्यात नव्हतं. "भावसिंग, काय करून राह्यला?" मागून कोणीतरी ओरडलं. बैलांची वेसण धरून म्हाताऱ्या भावसिंगनं आपली बंडी बाजूला घेतली. सलीलनं त्याला हात जोडले आणि जीप पुढं निघाली.

यवतमाळच्या दवाखान्यात सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिले काही दिवस वाईट गेले. ताप उतरल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "फोड दिसायच्या आधीपासूनच हा आजार लागतो. मुलगा जवळ झोपायचा ना? तेव्हाच लागला असणार."

शुभदा बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. म्हणजे ते दार बंद केलं नसतं तरी चाललं असतं.

दवाखान्यातून सुटी व्हायच्या आदल्या दिवशी सदाशिवराव श्रेयसला घेऊन आले. तो पलंगापासून लांब, आजोबांचा हात धरून उभा राहिला. शुभदानं त्याला सगळं सरळ सांगितलं. तिला कोणता आजार आहे, केस का गेले, दार का लावलं.

त्यानं विचार केला. "मग तू माझ्यामुळं आजारी पडली?"

"कांजण्या तुझ्याकडून आल्या. तुला शाळेतल्या कोणाकडून तरी आल्या असतील. मुद्दाम कोणी देत नाही."

"पण माझ्याकडूनच आल्या."

तिला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "आणि मी त्यातून बरी होते आहे."

"मी दार वाजवलं तेव्हा तू काय करत होती?"

"दाराला टेकून बसले होते. रडत होते."

जाताना त्यानं दारातून एकदा मागं वळून पाहिलं.

पुढची केमो महिनाभर लांबली. मग उरलेल्याही झाल्या, उन्हाळा सरता सरता उपचार संपले, आणि बारीक केस घेऊन शुभदा पुन्हा शाळेत जाऊ लागली. श्रेयस तिच्याजवळ येऊ लागला होता. पण कुशीत शिरण्याआधी तो थोडा अलीकडंच थांबायचा.

"आता चालते का?"

"चालते," ती म्हणायची, आणि हात पुढं करायची. तो हे विचारणं थांबवेल याची ती वाट पाहत होती.