बाहेरच्या दाराची कडी

पडद्यावरच्या बापाने पायरीवर थोडं सरकून मुलाला जागा करून दिली आणि अंधारात बॅटरीकाकांचा हात आपोआप कडीकडे गेला. आता मुलगा बसणार, दोघं समोर बघत राहणार, बाप पाठीवर हात ठेवणार की लगेच शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू. त्याआधी बाहेरचं दार उघडलेलं हवं, नाहीतर लोक एकमेकांच्या अंगावर पडतात. काकांनी कडी काढून दार ढकललं, दुपारचं ऊन आत आलं. यात त्यांची चूक कधी झाली नव्हती.

थिएटरात ते डोअरकीपर होते, पण हातातल्या बॅटरीमुळे सगळे त्यांना बॅटरीकाका म्हणत. उभा जन्म लोकांना खुर्च्या दाखवण्यात गेलेला. पोरगं मोठं होण्याचा सिनेमा लागला की पहिल्याच खेळाला ते पुढचं सांगून टाकत. बापाचं आणि पोराचं वाजणार, पोरगं घर सोडणार, दार आपटलं की मध्यंतर. मग परक्या गावात उपासमार, एक जिवाभावाचा मित्र, एक मुलगी, एक मोठी चूक. ठेच लागली की अक्कल येते, अक्कल आली की पोर घरी येतं. कपडे बदलतात, गाणी बदलतात, पण पोर घरी आल्याशिवाय दार उघडायची वेळ येत नाही, असं ते कँटीनवाल्या ताईला ऐकवत. ती म्हणायची, काका, हळू बोला, अजून तिकिटं खपायची आहेत.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण काकांनी ते घरी नेलं.

नऊ-दहा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलाने थिएटरातली नोकरी नको म्हणून सांगितलं. काकांनी मालकांकडे शब्द टाकून ठेवला होता, तो वाया गेला म्हणून त्यांचं डोकं फिरलं. शब्दाने शब्द वाढला आणि मग दार उघडंच आहे, असं काका बोलून बसले. पोराने पिशवी उचलली. बायको अनवाणी मागे धावली, तर काकांनी तिचं मनगट धरलं. पोटचा गोळा चाललेला, आणि हा गृहस्थ तिला समजावतोय, "जाऊ दे. आता कुठे मध्यंतर झालंय. ठेच लागली की येईल आपल्या पायांनी. तू आडवी गेलीस तर कच्चाच राहील."

राग होताच, पण नुसता राग नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हीच तर पंचाईत. बायकोला सिनेमातलं काही कळत नव्हतं. नवऱ्याला कळतं, या भरवशावर ती थांबली. त्या दिवसापासून मात्र तिने घराच्या दाराला आतून कडी लावू दिली नाही. पोर अवेळी आलं तर त्याला ठोठावत उभं राहायला लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

मुलगा कुठेतरी नोकरीला लागल्याचं पुढे कळलं. कोणीतरी त्याचा नंबरही आणून दिला. काकांनी फोन केला नाही. बापाने आधी फोन केला तर सगळी गोष्टच मोडते, असं त्यांचं गणित.

आता बायको अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी परवा काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच ठेवा आणि कोणाला भेटवायचं असेल तर बोलावून घ्या. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. आज सकाळी केस विंचरून घेताना ती म्हणाली, "अहो, तुमचा तो शेवट कधी यायचा? माझा आधी येईल बघा."

म्हणून दुपारचा खेळ सुटल्यावर काका कँटीनमागे, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला गेले. खिशातला कागद उलगडून त्यांनी नंबर लावला.

"बोला बाबा," मुलगा म्हणाला. जणू कालच बोलणं झालं होतं.

काकांनी आईचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, औषधं कुठली चालू आहेत ते विचारलं. एकदा येऊन जा, असं काका म्हणाले, तेव्हा त्याने आधी मुलीचं सांगितलं. ती पहिलीत आहे, तिला शाळेत सोडायला-आणायला दुसरं कोणी नाही. आपल्याला नात आहे हे काकांना तेव्हा कळलं.

"अजून राग आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"राग कसला, बाबा. तेव्हाही फार नव्हता. स्टँडवर दोन गाड्या सोडल्या मी, आई येईल म्हणून. आली असती तर परत फिरलो असतो. नाही आली, मग तिसरीत बसलो."

"ती निघाली होती," काका म्हणाले. "मी धरून ठेवली."



"हो का," मुलगा म्हणाला. "मग तिला सांगा, मी वाट पाहिली होती. पण आता येणं नाही जमायचं, बाबा. आलो तरी काय बोलू? माझं सगळं इथे आहे."

तो ना चिडला, ना रडला. ठेच लागली असेल, मित्रही भेटला असेल, आणि पोर कधीच मोठं होऊन बसलं होतं. त्यासाठी त्याला घरी यावं लागलं नव्हतं.

संध्याकाळच्या खेळाला पडद्यावरचा बाप पायरीवर सरकला. मुलगा बसला. पाट्या सुरू झाल्या. लोक उठून दाराशी आले, मागचे पुढच्यांना रेटू लागले, कोणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. काका कडीला हात लावून नुसते उभे होते. "अहो काका, दार उघडा ना," कोणीतरी कानाशी म्हणालं, तेव्हा त्यांनी कडी काढली. मॅनेजरने चार शब्द सुनावले. काकांनी ते ऐकून घेतले आणि पुढच्या खेळाची रजा मागून घरी गेले.

बायको जागीच होती. काकांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. नात सांगितली, दोन गाड्या सांगितल्या, येणार नाही तेही सांगितलं. तिने डाव्या हाताचं मनगट उजव्या हातात धरलं आणि छताकडे बघत राहिली.

"दोन सोडल्या?"

"दोन."

"स्टँड केवढं जवळ होतं हो," ती म्हणाली.

माफी मागावी असं काकांना फार वाटलं. पण ते तिच्या पायांशी उभेच राहिले. ती कुशीवर वळली.

"कडी लावून घ्या," ती म्हणाली.

काका दाराशी गेले. इतकी वर्षं कोणी हात न लावल्याने कडी गंजून घट्ट झाली होती. त्यांनी एका हाताने रेटून पाहिली, सरकेना. मग दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा ती बसली.