दुसरा उभा करा

आपल्या लेकराची तारीफ आपल्या तोंडाने करू नये, दृष्ट लागते, ही समज शालिकरामला वडिलांकडून मिळाली होती. म्हणून त्याचा मुलगा श्याम याने व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात पेनल्टी अडवली, क्लबला विजय मिळवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीतल्या शालिकरामच्या फुलांच्या दुकानापुढे माणसे गोळा झाली, तेव्हा तो खाली मान घालून झेंडू ओवीत एवढेच म्हणाला, "लागला असंन चुकून हात."

"चुकून?" शेजारचा नारळवाला ओमप्रकाश ओरडला. "अरे बाप्पा! वाघ हाय तुमचा पोट्टा, शालिकभाऊ. चौकात फ्लेक्सच लावतो मी."

लोक हसले. शालिकरामच्या त्या बोलण्यामागचा अभिमान सगळ्यांनाच कळला होता. श्यामलाही कळे. संध्याकाळी फोनवर त्याने विचारले, "काय म्हणे बाबा, चुकून हात लागला?"

"मंग काय तं!" शालिकराम म्हणाला, आणि बापलेक बराच वेळ हसत राहिले.

श्याम गोलकीपर झाला तो अकोल्यात. शाळेसाठी मामाकडे राहायला गेला, तिथल्या मैदानावर उंची पाहून पोरांनी त्याला गोलात उभे केले, आणि तो तिथलाच झाला. शालिकरामला खेळातले फारसे कळत नसे. अकरा जणांत आपला मुलगा एकटाच मागे उभा असतो आणि त्याची चूक झाकायला त्याच्यामागे कोणी नसते, एवढे मात्र त्याला पहिल्यापासून कळले होते.

दुसऱ्या सामन्यात एक साधा चेंडू श्यामच्या हातांखालून घरंगळत जाळ्यात गेला. तिसऱ्यात उंचावरून येणाऱ्या चेंडूसाठी तो पुढे धावला, चेंडू त्याला सापडला नाही, आणि अगदी शेवटी क्लब हरला.

"गोलकीपर म्हणावं का गाळणी?" ओमप्रकाश नारळ फोडता फोडता म्हणाला. "मी तं तवाच म्हणत होतो, पेनल्टी अडवणं म्हंजे नशिबाचा खेळ." चौकातल्या श्यामच्या फ्लेक्सवर नवरात्रीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स चढला. कडेने श्यामचा एक हातमोजा तेवढा दिसत राहिला. नेहमीची एक गिऱ्हाईक बाई हार घेताना म्हणाली, "नीट द्या काकाजी. तुमच्या घरी हातातून सुटाची सवय हाय." तीही हसली, शेजारचेही हसले. शालिकरामने हसण्याचा प्रयत्न केला.

श्यामचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज शांत होता. "सर म्हणाले, दोन चुकांवर मी माणूस बदलत नाही. पुढच्या सामन्यालेही तूच. तुमी लोकाइचं मनावर घेऊ नका, बाबा."

"मी कायले घेतो?" शालिकराम म्हणाला.

पण घेत होता. दुकान तो रोज थोडे उशिरा उघडू लागला होता. अशाच एका सकाळी स्थानिक बातम्यांचे चॅनल चालवणारा एक जण माइक आणि मोबाइल घेऊन दुकानापुढे आला. गर्दी जमली. "काकाजी, श्यामच्या खेळाबद्दल काय सांगाल?"

"त्याइले काय विचारता?" ओमप्रकाश म्हणाला. "बापच तो. झाकणारच."

शालिकरामची सुई थांबली. त्याने मान वर केली. "झाकत नाही मी," तो मोठ्याने म्हणाला. "बसवा त्याले बाहेर. दुसरा उभा करा. सडकं फूल मी हारात ठेवत नाही."

सगळे खळखळून हसले. "याले म्हणतात माणूस!" ओमप्रकाशने त्याच्या पाठीवर थाप मारली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच शालिकरामला हलके वाटले. तो आता त्यांच्यातला होता.

दुपारी जेवायला घरी गेला, तेव्हा त्याची बायको माणिकबाई त्यांची मुलगी हर्षा हिच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ पाहत होती. तिने तो पुन्हा लावला नाही. "तुमी हे म्हनलं?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ताट वाढले.

चौथ्या सामन्याला श्याम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला दिसला. दुसऱ्या गोलकीपरने चार गोल खाल्ले.

"हे काय चालवून राहिले हे लोक?" ओमप्रकाश सकाळीच कडाडला. "श्यामले बसवते? अरे, पेनल्टी अडवणारा पोट्टा तो! त्या कोचले अक्कल हाय का?"

शालिकराम दुकानामागे गेला आणि फोन लावला. श्यामने उचलला. आवाज आदबीचा, दूरच्या नातेवाइकाशी बोलावे तसा होता. आईची तब्येत, झेंडूचा भाव, सगळे त्याने विचारले.

"काहून बसवलं रे तुले?"

"सरांनी नाही बसवलं. मीच म्हनलं त्याइले, मले बसवा."

"काहून?"

"उभा राह्यलो असतो तं तुमचं तेच बोलणं ऐकू आलं असतं, बाबा."

"श्याम, तुले तं माहीत हाय, मी लोकाइसमोर असंच बोलतो. पहिल्या वेळीही…"

"माहीत हाय," श्याम म्हणाला. "तवा तुमी खाली पाहून बोलत असता, हारात. व्हिडिओ मी लय वेळा पाह्यला. या वेळी वर पाहून बोलले." मग सरावाची वेळ झाली म्हणून त्याने फोन ठेवला.

शालिकराम परत येऊन बसला. टोपलीतला झेंडू समोर ओढला. ओमप्रकाश अजून बोलतच होता. "काय म्हणता शालिकभाऊ? श्यामच पायजे ना?"

"हो," शालिकराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो चारचौघांत म्हणाला, "चांगला खेळते माहा पोरगा."

"तं! तेच तं सांगून राहिलो मी," ओमप्रकाश म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. सगळ्यांचेच मत आता तसे होते. त्याचे हे बोलणे टिपायला मात्र त्या दिवशी कोणी मोबाइल काढला नाही.